विश्लेषण : रस्ता अचानक जमिनीत गडप का होतो?

पुण्यात ट्रक, घाटकोपरमध्ये मोटार, जपानमध्ये मालमोटार, सोलमध्ये दुचाकीस्वार. रस्ता किंवा मोकळी जागा डोळ्यांदेखत जमिनीत गेल्याच्या चित्रफिती गेल्या काही वर्षांत सतत समोर येत आहेत. या घटनांना सरसकट ‘सिंकहोल’ म्हटले जाते. पण प्रत्येक ठिकाणचे कारण वेगळे आहे, आणि महाराष्ट्रातील बहुतेक घटनांमागे निसर्गापेक्षा माणसाचा हात मोठा आहे. जमीन नेमकी कशी कोसळते, ती आधी काही इशारा देते का आणि जबाबदारी कोणाची, याविषयी...

पुण्यात आणि घाटकोपरमध्ये काय घडले होते?

२० सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास पुण्यातील बुधवार पेठेत, सिटी पोस्ट कार्यालयाच्या आवारात, महापालिकेचा मैलापाणी वाहिन्या साफ करणारा ट्रक उभा होता. पेव्हर ब्लॉक घातलेली जमीन अचानक खचली आणि अख्खा ट्रक मागच्या बाजूने खाली गेला. चालक सुखरूप बाहेर पडला. जवळच्या दुचाकीही खड्ड्यात पडल्या. भुयारी मेट्रोचा मार्ग याच परिसरातून जात असल्याने पहिली शंका मेट्रोवर गेली. नंतर त्या जागी जुनी विहीर असल्याचे समोर आले.

त्याआधी, १३ जून २०२१ रोजी घाटकोपर पश्चिमेतील एका गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळात उभी असलेली मोटार काही सेकंदांत जमिनीखाली गेली. आजूबाजूच्या गाड्या जागच्या जागी राहिल्या. तिथेही खाली विहीरच होती. तिचा काही भाग काँक्रीटने झाकून त्यावर गाड्या लावल्या जात होत्या. मोटारीत कोणी नसल्याने जीवितहानी झाली नाही. दोन्ही घटनांत माणसे वाचली ती योगायोगाने. ट्रकऐवजी पोस्टात आलेल्या लोकांची रांग तिथे असती, तर बातमी वेगळी असती.

सिंकहोल म्हणजे नेमके काय?

रस्त्यावरचा नेहमीचा खड्डा वरून खाली तयार होतो. डांबराला तडा जातो, पाणी शिरते, खडी निघते आणि खड्डा वाढत जातो. सिंकहोलचा प्रवास उलटा असतो. आधी खाली पोकळी तयार होते, ती हळूहळू वर सरकते आणि शेवटचा पातळ थर तुटला की खड्डा दिसतो. म्हणजे घटना आज घडलेली दिसत असली, तरी तिची तयारी काही महिने किंवा काही वर्षे चाललेली असते.

याचा आकार समजून घ्यायला सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आठवावीत. तोंड अरुंद आणि पोट मोठे. जमिनीखालची पोकळीही बहुतेक वेळा अशीच असते. खड्डा पडल्यावर वरून जेवढे तोंड दिसते, त्यापेक्षा आतला घेर मोठा असू शकतो. म्हणूनच खड्ड्याच्या काठावर उभे राहून मोबाइलवर चित्रीकरण करणे सर्वांत धोक्याचे. ज्याला आपण काठ समजतो, तो अनेकदा खालून आधार नसलेला सज्जा असतो.

डोंगरउतारावरची दरड किंवा जोशीमठसारखे संपूर्ण वस्तीचे खचणे हे प्रकार यापेक्षा वेगळे. तिथे मोठा भूभाग सरकतो किंवा हळूहळू बसतो. सिंकहोलमध्ये मर्यादित जागेतील जमीन थेट खाली जाते.

निसर्गात जमीन कशी पोकळ होते?

नैसर्गिक सिंकहोल मुख्यतः चुनखडीच्या प्रदेशात आढळतात. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी चुनखडीच्या भेगांत शिरून खडक विरघळवते. हजारो वर्षांत भेगांची भुयारे आणि भुयारांच्या गुहा होतात. या गुहांच्या छतावर असलेली माती एक दिवस खाली येते. मीठ आणि जिप्समचे थर तर चुनखडीपेक्षा कितीतरी लवकर विरघळतात. मृत समुद्राची पातळी दरवर्षी एक मीटरहून अधिक घटत आहे. मागे हटलेल्या समुद्राच्या किनाऱ्यावर गोडे भूजल मिठाच्या थरांपर्यंत पोहोचू लागले असून, तिथे हजारो खड्डे पडले आहेत.

अमेरिकेतील फ्लोरिडा हे राज्य चुनखडीवरच वसले आहे. तेथील विंटर पार्क शहरात मे १९८१ मध्ये पडलेल्या खड्ड्याचा व्यास १०० मीटरहून अधिक होता. एक घर, जलतरण तलावाचा भाग आणि काही महागड्या मोटारी त्यात गेल्या. आज तिथे तळे आहे. भारतातही चुनखडीचे पट्टे आहेत. आंध्र प्रदेशातील कडपा जिल्ह्यात २०१५ च्या अखेरीस झालेल्या जोरदार पावसानंतर शेतांमध्ये असे खड्डे पडले होते.

पण नैसर्गिक प्रक्रियेलाही माणूस वेग देतो. जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली. स्ट्रॉबेरीचे पीक वाचवण्यासाठी प्लांट सिटी भागातील शेतकऱ्यांनी ११ दिवस प्रचंड भूजल उपसून पिकांवर फवारले. भूजलपातळी सुमारे ६० फुटांनी घसरली आणि परिसरात १४० च्या आसपास सिंकहोल नोंदले गेले.

पाणी उपसल्याने छत का कोसळते?

याचे उत्तर शाळेत शिकलेल्या आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. पाण्याने पूर्ण भिजलेल्या एक घनमीटर मातीचे वजन ढोबळमानाने दोन टन असते. ती पाण्यात बुडालेली असेल तर त्यातील सुमारे एक टन भार पाण्याचे प्लावक बल उचलते. पाणीपातळी खाली गेली की हा आधार जातो आणि पोकळीच्या छतावरचा भार जवळपास दुप्पट होतो. वर्षानुवर्षे टिकलेले छत मग काही दिवसांत खाली येते.

उलट बाजूने, अति पाणीही घातक ठरते. किंचित ओलसर मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, तो याच कारणाने. त्यावर लाट आली की तो बसतो. पोकळीवरची मातीची कमानही तशीच ओलसरपणावर उभी असते. मुसळधार पावसात ती पूर्ण भिजली की कणांची पकड सुटते आणि वरचे वजनही वाढते. म्हणून असे खड्डे एकतर मोठ्या पावसात पडतात किंवा उपसा वाढल्यावर.

महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात सिंकहोल पडू शकतात का?

राज्याचा बहुतांश भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. बेसॉल्ट चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे मुंबई, पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या खाली फ्लोरिडासारख्या गुहा तयार होऊन शहर गिळले जाईल, ही भीती निराधार आहे. याला अपवाद चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील चुनखडीच्या पट्ट्याचा. तेथील सिमेंट उद्योग याच दगडावर उभा आहे.

जांभ्या दगडाच्या प्रदेशात आणखी एक प्रकार दिसतो. कठीण जांभ्याखालची मऊ, चिकणमातीसारखी माती जिरलेल्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि जमिनीखाली नळ्यांसारखे मार्ग तयार होतात. याला ‘सॉइल पायपिंग’ म्हणतात. केरळमध्ये तिरुवनंतपुरम येथील राष्ट्रीय पृथ्वी विज्ञान अभ्यास केंद्राने या प्रकाराचा तपशीलवार अभ्यास केला आहे. कोकण आणि गोव्यात जांभा विपुल असल्याने हा विषय आपल्यासाठीही परका नाही.

मात्र शहरांत खडकापेक्षा खडकावर काय आहे, हे महत्त्वाचे ठरते. मुंबईचा मोठा भाग भरावावर उभा आहे. जुन्या शहरांत मुरूम, राडारोडा आणि जुन्या बांधकामांचे अवशेष यांचे थर आहेत. खडक पक्का असला तरी हा भराव पक्का नसतो.

मग शहरातील रस्ते का खचतात?

यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : सुटी माती, वाहते पाणी आणि माती वाहून जाण्यासाठी वाट. तिसरी गोष्ट नसेल तर गळतीने चिखल होतो, पण पोकळी होत नाही. शहरात ही वाट बहुतेक वेळा फुटलेली ड्रेनेज लाइन किंवा पावसाळी गटार पुरवते. पाण्याची लाइन गळते, ते पाणी माती घेऊन जवळच्या गटाराच्या तड्यात शिरते आणि गटार ती माती दूर घेऊन जाते. वर रस्त्यावर काहीच दिसत नाही.

साधा हिशेब करून पाहा. गळतीबरोबर रोज फक्त एक बादली, म्हणजे १० लिटर माती वाहून जात आहे असे धरू. वर्षाला ३,६५० लिटर, म्हणजे साधारण साडेतीन घनमीटर. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दीड मीटर खोल अशी पोकळी एका वर्षात तयार झाली. तीन वर्षांत ती पाण्याच्या मोठ्या टँकरएवढी होते. रोजच्या एका बादलीची नोंद कोणत्याच कार्यालयात होत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळेलाच येते. पाणी सोडताना वाहिनीत दाब वाढतो, बंद केल्यावर तो जातो. रोजच्या या ताण-सैलीने सांधे लवकर कमजोर होतात. पाणी बंद असताना वाहिनी रिकामी होत गेली की गळतीच्या जागेतून बाहेरचे गढूळ पाणी आत ओढले जाते. नळाला सकाळी येणारे मातकट पाणी ही म्हणूनच केवळ आरोग्याची तक्रार नसते. कुठेतरी वाहिनीभोवतीची माती हलते आहे, याचीही ती खूण असू शकते.

दुसरे कारण खोदाईचे. केबल, गॅस, पाणी, ड्रेनेज अशा प्रत्येक कामासाठी चर खणला जातो. तो बुजवताना माती थराथराने दाबायला हवी. प्रत्यक्षात निघालेला राडारोडाच आत ढकलून वर डांबर फिरवले जाते. असा चर म्हणजे पाण्यासाठी तयार रस्ताच. पणजीत २०२३ च्या सुरुवातीला स्मार्ट सिटीची कामे सुरू असताना खोदून बुजवलेल्या रस्त्यांत ट्रक रुतल्याच्या घटना एकापाठोपाठ एक घडल्या होत्या.

जपानमधील घटनेने काय शिकवले?

टोकियोच्या उत्तरेला असलेल्या सैतामा प्रांतातील याशिओ शहरात २८ जानेवारी २०२५ रोजी सकाळी एका चौकात रस्ता खचला आणि मालमोटार चालकासह आत गेली. सुरुवातीला सुमारे १० मीटर रुंद असलेला खड्डा कडा कोसळत जाऊन काही दिवसांत ४० मीटरच्या आसपास पोहोचला. ७४ वर्षांच्या चालकाचा मृतदेह बाहेर काढायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला. वाहिनीत येणारे पाणी कमी व्हावे म्हणून परिसरातील सुमारे १२ लाख रहिवाशांना अंघोळ आणि कपडे धुण्यावर मर्यादा घालण्याचे आवाहन करावे लागले.

खाली जवळपास १० मीटर खोलीवर ४.७५ मीटर व्यासाची मलनिस्सारण वाहिनी होती. ती १९८३ मध्ये टाकलेली, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे जुनी. मैलापाण्यातील जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. हा वायू वाहिनीच्या वरच्या, कोरड्या भागात साठतो आणि तिथल्या ओलाव्यात त्याचे गंधकाम्ल होते. ते काँक्रीट खाते. म्हणजे वाहिनी नेमकी छताकडून कमजोर होते, आणि माती आत येण्याची वाटही तिथूनच मिळते.

जपानमध्ये मलनिस्सारण वाहिन्यांमुळे रस्ते खचण्याच्या घटना वर्षाला दोन हजारांहून अधिक नोंदल्या जातात. त्यातील बहुतेक लहान असतात. त्यांची मोजणी होते, हे महत्त्वाचे. याशिओनंतर तेथील सरकारने मोठ्या व्यासाच्या जुन्या वाहिन्यांची देशभर तपासणी करण्यास सांगितले. आपल्या महानगरांतील काही मुख्य वाहिन्या याहूनही जुन्या आहेत.

भुयारी मेट्रोमुळे धोका वाढतो का?

खोदकामाच्या काळात वाढतो, हे जगभरच्या घटना सांगतात. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी जपानच्या फुकुओकात हाकाता स्थानकाजवळचा रस्ता भुयारी मार्गाच्या कामामुळे खचला. सुमारे ३० मीटर लांब आणि १५ मीटर खोल खड्डा आठवडाभरात भरून रस्ता खुला झाला, त्याचे जगभर कौतुक झाले. सोलमध्ये २४ मार्च २०२५ रोजी मेट्रोच्या विस्ताराचे काम सुरू असलेल्या भागात सुमारे २० मीटर रुंदीचा खड्डा पडून दुचाकीस्वाराचा मृत्यू झाला. बँकॉकमध्ये २४ सप्टेंबर २०२५ रोजी एका रुग्णालयासमोरचा रस्ता सुमारे ५० मीटर खोल गेला. तिथेही खाली मेट्रोचे काम सुरू होते.

भारतातील मोठे उदाहरण कोलकात्याच्या बऊबाजारचे. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस ईस्ट-वेस्ट मेट्रोचे भुयार खोदणारे यंत्र पाण्याने भरलेल्या मातीच्या थराला भिडले. पाणी आणि गाळ भुयारात शिरला, वरची जमीन बसली, जुनी घरे तडकली, काही कोसळली आणि शेकडो रहिवाशांना घर सोडावे लागले.

या सर्व ठिकाणी सूत्र तेच आहे : सुटी माती, पाणी आणि माती जाण्यासाठी वाट. इथे वाट भुयाराने दिली. मुंबई आणि पुण्यात भुयारी मार्ग बराचसा बेसॉल्ट आणि त्याच्यासारख्या कठीण खडकातून गेल्याने कोलकाता किंवा बँकॉकइतकी जोखीम नाही. तरीही स्थानकांचे खड्डे, भूजल उपसणे आणि सेवावाहिन्या हलवणे ही कामे वरच्या भरावातच होतात. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचे खापर मेट्रोवर फोडणे जसे चूक, तसे ‘खाली खडक आहे’ म्हणून निश्चिंत राहणेही चूक. पुण्याच्या घटनेत मेट्रोकडे बोट दाखवले गेले, पण खाली विहीर निघाली.

शहराखाली इतक्या विहिरी आल्या कुठून?

नळ येण्याआधी शहरे विहिरी आणि तलावांवर जगत होती. मुंबईत विहार तलावाचे पाणी नळाने १८६० मध्ये आले. त्यानंतर हळूहळू विहिरींची गरज कमी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाचे डास विहिरींत वाढतात, हे डॉ. चार्ल्स बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने ठळक केले आणि विहिरी झाकण्याचा किंवा बुजवण्याचा धडाका सुरू झाला. तलावही भरले गेले. धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी ही नावे तेवढी उरली.

पुण्याच्या पेठांत तर वाड्यागणिक आड आणि विहिरी होत्या. शिवाय कात्रजहून शहरात पाणी आणणारी पेशवेकालीन भूमिगत जलवाहिनी, तिचे उच्छ्वास आणि हौद आहेत. वाडे पाडून इमारती उभ्या राहताना यातील किती विहिरी नीट बुजवल्या आणि किती नुसत्या झाकल्या, याची एकत्रित आणि लोकांना पाहता येईल अशी नोंद नाही.

विहीर बुजवण्याची रीत ठरलेली आहे. गाळ आणि कचरा काढायचा, तळाशी मोठे दगड, वर खडी, मग मुरूम, प्रत्येक थर दाबत वर यायचे. खर्चिक आणि वेळखाऊ काम. त्यापेक्षा तोंडावर स्लॅब टाकणे सोपे. पण विहिरीतील दमट हवेत स्लॅबच्या खालच्या बाजूच्या सळया गंजतात आणि खालून कोणी पाहत नाही. स्लॅब टाकताना त्यावर माणसे चालतील एवढाच विचार झालेला असतो. पन्नास वर्षांनी त्यावर पाण्याने भरलेला टँकर उभा राहतो.

खाणींच्या परिसरात काय स्थिती आहे?

२६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्गुस येथील अमराई वॉर्डात एक राहते घर काही क्षणांत जमिनीत सुमारे ६० फूट खाली गेले. हादरे जाणवताच घरातील माणसे बाहेर पडल्याने वाचली. वस्तीच्या खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. आजूबाजूच्या अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली.

भूमिगत खाणीत कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब ठेवले जातात. खाण बंद झाल्यावर रिकाम्या जागेत वाळू भरणे अपेक्षित असते. ती पुरेशी भरली नाही किंवा खांब कमजोर झाले, तर छताचा एकेक थर खाली पडत पोकळी वर सरकते. झारखंडमधील झरियात जमिनीखाली कोळसा जळत असल्याने हे संकट अधिक भीषण आहे. तिथे मे २०१७ मध्ये वडील आणि मुलगा एकाच वेळी जमिनीत ओढले गेले होते. अशा वस्त्यांत घर घेताना खाली खाणकाम झाले आहे का, हा प्रश्न सात-बारा पाहण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

काँक्रीटचे रस्ते अधिक सुरक्षित का नाहीत?

डांबरी रस्ता लवचीक असतो. खालची माती गेली की तो थोडा बसतो, तिथे पाणी साचते आणि दुरुस्तीची वेळ कळते. काँक्रीटचा स्लॅब मात्र ताठ असतो. खाली पोकळी असली तरी तो पुलासारखा दोन्ही बाजूंना टेकून उभा राहतो. त्याने खड्डे कमी होतात हे खरे, पण खालचा धोका तो अधिक काळ लपवतो. मग तुटतो तेव्हा मोठा तुकडा एकदम जातो. मुंबईत रस्त्यांचे काँक्रीटीकरण वेगाने सुरू आहे. वरचा थर टाकण्याआधी खालच्या जुन्या वाहिन्यांची तपासणी झाली की नाही, हा प्रश्न त्यामुळेच कळीचा आहे. नंतर तपासायचे तर तोच स्लॅब फोडावा लागेल.

धोका आधी ओळखता येतो का?

काही प्रमाणात. ‘ग्राउंड पेनेट्रेटिंग रडार’ हे उपकरण गाडीला लावून रस्त्यावरून फिरवले की खालच्या काही मीटरपर्यंतच्या पोकळ्या दिसू शकतात. जपान आणि दक्षिण कोरियात याचा नियमित वापर होतो. दक्षिण कोरियात भूमिगत सुरक्षेसाठी २०१८ पासून स्वतंत्र कायदाच आहे. या रडारची मर्यादा अशी, की ओल्या चिकणमातीत आणि काळ्या मातीत लहरी लवकर शोषल्या जातात. खोल वाहिन्यांसाठी आतून कॅमेरा फिरवून तपासणी करणे हाच खात्रीचा मार्ग.

उपग्रहाच्या रडारने जमीन काही मिलिमीटरने खाली गेली तरी कळते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०१२ मध्ये पडलेल्या मोठ्या सिंकहोलच्या आधी किमान महिनाभर तेथील जमीन सरकत होती, हे ‘नासा’ने विमानातून घेतलेल्या रडार नोंदींत नंतर आढळले. ‘नासा’ आणि ‘इस्रो’चा ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला. तो दर १२ दिवसांनी त्याच जागेची नोंद घेतो. खाणपट्टे, भूजल उपशाने बसणारी शहरे आणि भूस्खलनाचे उतार यांसाठी तो उपयुक्त ठरेल. मात्र गल्लीतील स्लॅबखालची विहीर त्याला दिसणार नाही. ती शोधायला जुने नकाशे आणि जुने रहिवासीच लागतील.

केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले. खोदाई करणाऱ्याने आधी कळवावे आणि वाहिन्यांच्या मालकांनी सावध करावे, हा त्याचा हेतू. पण ज्या वाहिनीची नोंदच नाही तिचा मालक ॲपवरही सापडत नाही.

खड्डा बुजवला की प्रश्न सुटतो का?

नाही. केवळ माती टाकली तर ती त्याच वाटेने पुन्हा जाते. फ्लोरिडातील सेफनर येथे २०१३ मध्ये एका घराखाली सिंकहोल पडून झोपलेल्या माणसाचा मृत्यू झाला. तो खड्डा भरल्यानंतरही त्याच जागी २०१५ आणि २०२३ मध्ये पुन्हा उघडला. योग्य पद्धत म्हणजे आधी गळती थांबवणे, फुटलेली वाहिनी दुरुस्त करणे, मग तळाची वाट मोठ्या दगडांनी किंवा सिमेंट मिश्रणाने बंद करणे आणि त्यावर थराथराने भराव करणे. एकाच ठिकाणी दर पावसाळ्यात खड्डा पडत असेल आणि दर वेळी तो खडी-डांबराने भरला जात असेल, तर कारण खाली आहे असे समजावे.

भरपाई कोण देणार?

इथे सामान्य माणसाची खरी अडचण होते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या आपत्तींच्या यादीत भूकंप, पूर, चक्रीवादळ, दरड कोसळणे आदी आहेत. रस्ता किंवा जमीन अशी खचणे हा स्वतंत्र प्रकार त्यात नाही. घराच्या विम्यात जमीन खचण्याचा समावेश असू शकतो, पण नव्या भरावाचे नैसर्गिक बसणे किंवा शेजारच्या खोदकामामुळे झालेले नुकसान असे अपवाद असतात. शहरातील बहुतेक घटना नेमक्या याच अपवादांत मोडण्याची शक्यता असते, त्यामुळे पॉलिसीतील हा भाग वाचून घ्यावा.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश दिले. रस्त्याखालची पोकळी या व्याख्येत बसवायची का, हा वाद पुढे येऊ शकतो. विहीर खासगी आवारात असेल तर जबाबदारी गृहनिर्माण संस्थेवर येते. संस्थेच्या नव्या पदाधिकाऱ्यांना तर अनेकदा विहीर आहे हेच माहीत नसते.

नागरिकांनी काय पाहावे?

दुरुस्तीनंतरही त्याच जागी पुन्हा बसणारा गोलाकार भाग, पेव्हर ब्लॉकमध्ये अचानक पडलेल्या फटी, पावसाचे पाणी भोवरा होऊन जमिनीत जाणे, कलू लागलेला खांब किंवा कुंपणभिंत, पायऱ्यांच्या आकाराचे नवे तडे, एकाएकी घट्ट बसू लागलेली दारे, चालताना पोकळ आवाज आणि नळाला वारंवार येणारे मातकट पाणी. यातील एका खुणेवरून घाबरून जाण्याचे कारण नाही. दोन-तीन खुणा एकाच जागी दिसल्या तर मात्र त्या भागात गाडी लावू नये, दोरी बांधून जागा बंद करावी आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. पुढे भरपाईचा प्रश्न आलाच तर ही तक्रारच पुरावा ठरते.

गृहनिर्माण संस्थांनी एक काम या पावसाळ्याआधी करता येण्यासारखे आहे. इमारतीचा मूळ मंजूर नकाशा आणि त्याआधीचा नगर भूमापनाचा नकाशा काढून आवारात विहीर, जुनी टाकी किंवा सेप्टिक टँक दाखवला आहे का, ते पाहणे. असल्यास त्यावर गाड्या लावणे थांबवून स्ट्रक्चरल अभियंत्याकडून स्लॅबची तपासणी करून घेणे. नकाशा सापडला नाही, तर इमारतीतील सर्वांत जुन्या रहिवाशाला विचारावे. पूर्वी पाणी कुठून भरायचे, हे त्यांना नक्की आठवत असेल.